रहिवासाचा पुरावा

गुंफा पवार सकाळपासून पायरीवर बसली आहे.
माझ्या सेवा केंद्रात खुर्च्या तीन,
दोन रिकाम्या.
मी बस म्हणालो नाही, तिने विचारलं नाही.
हे आमचं जुनं आहे, दोघांनाही पाठ.

तिच्या पोराचं नाव तहसील.
मंगरूळच्या कचेरीत, दाखल्याच्या रांगेत
तिला कळा आल्या,
आवारातल्या निंबाखाली झाला, म्हणून.
आता तहसीलला जातीचा दाखला पाहिजे
आणि तहसील विचारते,
पन्नास सालाआधी कुठे राहत होता, कागद दाखवा.
"राहू कोन देत होतं?"
गुंफा म्हणते. भांडायला नाही,
विचारलं त्याचं उत्तर म्हणून.
त्या रकान्यात एवढं बसत नाही.
मी 'पुढे' दाबतो, लाल अक्षरं येतात.

तेवढ्यात फोन. जोसना.
माझी धाकटी बहीण, माळीपुऱ्यातली पहिली नर्स,
आयर्लंडातल्या कुठल्याशा गावात
म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळी करते.
तिची रात्र संपते तेव्हा इथे सोयाबीनवर ऊन चढलेलं असतं.

"एका बुढ्यानं हात झटकला, दादा.
म्हने, गोऱ्या बाईले पाठव.
अन् बसथांब्यावर पोट्ट्यांनी अंडं फेकून मारलं,
नव्या कोटावर.
तू कोठची, इचारतात.
म्हनली, इथचीच, त्या हिरव्या दाराच्या घरातली.
तं म्हनतात, तसं नाही, खरी कोठची?"

माझ्या कानशिलात रक्त चढतं.
"मानसं हायेत का कोन!" मी ओरडतो,
"काऊन सहन करतं? तक्रार दे!"
पायरीवर गुंफा दचकून वर पाहते.
तिला वाटतं, मी तिलाच बोललो.

जोसना थोडा वेळ गप्प. मग म्हणते,
"इथंबी बेडा हाय, दादा.
गावाबाहेर, पुलाच्या पलीकडे, चाकांवरची घरं.
गोरेच हायेत ते. देव तोच, बोली जराशी वेगळी.
पन दुकानात शिरले का मालक मागं मागं फिरते.
लग्नाले हॉल देत नाहीत.
काही चोरी गेलं का पह्यली गाडी तिकडंच."
बसचा आवाज येतो. तिची बस नसावी.
"परवा आश्रमातल्या बायांसंगं कारनं चालली होती.
पूल आला तसे त्यांनी दारांचे खटके लावले.
मीबी लावला.
कोनी सांगतलं नोहतं.
अन् खरं सांगू? बरं वाटलं.
पह्यल्यांदाच वाटलं,
मी इथची झाली."

मी काही बोललो नाही.
मागच्या पोळ्यानंतर आमची पाण्याची मोटर गेली,
तेव्हा ठाण्यात मी बेड्याचं नाव घेतलं होतं.
तहसीलचा बाप चार महिने आत होता.
मोटर पुतण्याकडे निघाली, त्याने ती कारंज्याला विकली होती.
हे घरात ठाऊक आहे.
जोसनाला नाही.
गुंफाला ठाऊक आहे की नाही, मला कळत नाही,
आणि ती दर महिन्याला येते,
तीच थैली, तीच घडी पडलेली झेरॉक्स.

"बहिनीले काय झालं?" ती विचारते.
"लोकं इचारतात तिले, कोठची म्हनून."
ती थैलीची गाठ सोडते, पुन्हा बांधते.
"मंग कागद नसन तिच्यापाशी," म्हणते.

मी उठलो. रिकाम्यातली एक खुर्ची
दाराकडे सरकवली, हातभर.
फरशीवर पाय करकरले.
गुंफा लगबगीने उभी राहिली,
चपला घातल्या, थैली काखेत घेतली.
तिला वाटलं,
केंद्र बंद झालं.